कमरेला लावलेला परवाना

मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,


बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मारेकऱ्यांनी गोळी झाडली नव्हती, मारहाण करून जीव घेतला. तरीही त्यानंतर बीडच्या बंदुकांचा विषय निघाला आणि जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले. परळीकडचे हवेत गोळीबाराचे व्हिडिओ लोकांनी त्याच सुमारास पाहिले. ओरड झाल्यावर बरेच परवाने रद्द झाले. रद्द करण्याजोगे होते, तर ते दिले कुणाच्या शिफारशीने, याचे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही.

आमच्याकडे पिस्तूल कसे वापरतात ते सांगतो. तालुक्याच्या हॉटेलात जमिनीच्या व्यवहाराची बैठक बसते. एक जण शर्ट जरा वर सरकवून खुर्चीत बसतो. कव्हरमधली मूठ समोरच्याला दिसते. शिवी नाही, धमकी नाही. चहा संपायच्या आत शेतकरी म्हणतो, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ याची फिर्याद कुठल्या ठाण्यात द्यायची?

खरे गुन्हे गावठी कट्ट्याने होतात, परवानाधारकांना कशाला त्रास, असे आपल्या पक्षासह सगळ्याच पक्षांतले लोक म्हणतात. कट्ट्यांचा बंदोबस्त हवाच. पण फेब्रुवारी २०२४ आठवा. उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, सत्ताधारी आमदाराच्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या. ते पिस्तूल परवान्याचे होते. आठवडाभरात मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारले. तिथे वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. परवाना एकाच्या नावावर आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती, हे एरवी कोण तपासतो?

नवा कायदा मागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पोलिसांचा अहवाल मागवण्याची तरतूद आहे, परवाना नाकारण्याची आणि रद्द करण्याचीही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठरवली. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला साधी ठासणीची बंदूक मिळते, ती जरूर मिळावी. आमचे भांडण त्याच्याशी नाही.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. ‘जिवाला धोका आहे’ असे अर्जात लिहून देणारी कितीतरी माणसे ते दिवस शस्त्राविना काढतात, प्रचारातही फिरतात. मग निकालानंतर त्यांना शस्त्र परत देताना धोका कोणता, कुणापासून, हे पुन्हा विचारायला काय हरकत आहे?

मागणी एवढीच. प्रत्येक परवान्याची नव्याने तपासणी करा. गंभीर गुन्हा दाखल असलेल्याचे शस्त्र चौकशी संपेपर्यंत जमा ठेवा. कोणत्या तालुक्यात किती परवाने, कोणत्या कारणासाठी दिले, याचा तक्ता दरवर्षी तहसील कार्यालयात लावा. शिफारस करणाऱ्या आमदार-खासदारांची नावेही त्यात असू द्या, मग ते आपल्या पक्षाचे असले तरी. सुरुवात बीडपासून करा.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक मतदार