भुकटीचा कारभार

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर साहित्यव्यवहाराचा आढावा घ्यावा, कागदाच्या वाढत्या भावाविषयी दोन उसासे टाकावेत आणि वाचकांचे अभीष्ट चिंतून रजा घ्यावी, असा जो शिरस्ता संपादकवर्गाने आजवर इमानाने पाळला आहे, तो मोडून यंदा आम्ही बेसनाविषयी लिहिणार आहोत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास घरोघरी लाडवांसाठी बेसन भाजले जात असेल, आणि ते कशाकशाचे आहे हे भाजणाऱ्यास छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. त्यात वाटाण्याचे किंवा लाखेच्या डाळीचे पीठ मिसळण्याची युक्ती जुनीच आहे. लाख हे अवर्षणातही तग धरणारे, गरिबाचे धान्य. परंतु महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले म्हणजे तरण्याताठ्या माणसाच्या पायांतील बळ जाऊन त्यास कायमचे पंगुत्व येते, हे अनुभवास आल्यावर १९६१ साली तिच्या विक्रीस मनाई करण्याची कायदेशीर तजवीज झाली. लाडवातील चिमूटभर लाखेने कोणी पांगळा होत नाही, हे आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच आमची तक्रार केवळ प्रकृतीपुरती नाही. अख्खी लाख तिच्या कोनदार दाण्यावरून सुपात ओळखू येते आणि वेचून बाजूला काढता येते. तीच दळली गेली की हरभऱ्याच्या पिवळेपणात तिची ओळख बुडून जाते. धन्यांच्या पुडीतला लाकडाचा भुसा, तिखटातला रंग, मिरपुडीतल्या पपईच्या बिया, सगळ्यांची कहाणी तीच. भेसळीला दाणा नको असतो, तिला भुकटी हवी असते.

निवडणे, पाखडणे, चाळणे या कामांकडे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून पाहणाऱ्या विद्वानांच्या हे कधी ध्यानी आले नाही, की अन्नाच्या तपासणीचे एक खातेच्या खाते प्रत्येक घरात विनावेतन, विनारजा चालू होते, आणि ते बंद पडले त्या दिवसापासून तपासणीचा भार कोणीही मुद्दाम न सोपविता बाजाराच्या सचोटीवर आणि सरकारच्या दक्षतेवर जाऊन पडला. ते खाते पुन्हा उघडा असे सांगण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही. पहाटेच्या जात्यापासून वैशाखातील वर्षभराच्या बेगमीपर्यंत ते चालविणारीचे तास कोणत्याही दफ्तरात नोंदले गेले नाहीत. शिवाय त्या बेगमीत तुरीच्या डाळीला एरंडेल आणि गव्हात कडुलिंबाचा पाला होता हे जितके खरे, तितकेच तांदळाला बोरिक पावडर चोळली जात होती हेही खरे. तेव्हा ‘पूर्वीचे ते सारे शुद्ध’ हा सूर आमच्याकडून कोणी अपेक्षू नये.

आज ज्या घरातील दोघेही कामासाठी बाहेर पडतात, ज्यांचा डबा सकाळची लोकल सुटण्यापूर्वी भरला गेला पाहिजे, त्यांस सांगायचे ते थोडके आणि आचरता येण्याजोगे असावे. पोळ्या विकत आणल्याने कोणतेही आकाश कोसळत नाही. गल्लीतील पोळीभाजी केंद्रातील तवा आणि तो सांभाळणारी बाई आपल्या डोळ्यांसमोर असतात, आणि परक्या कुटुंबांस जेवू घालण्याच्या या व्यवसायास गिरणगावातील खानावळींची परंपरा आहे. गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या ज्या बाया सावकाराच्या व्याजाखाली दबल्या होत्या, त्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, हा इतिहास मुंबईकरांनी तरी विसरू नये. शिजलेले अन्न विकत घ्यावे की न घ्यावे, यावर आम्ही वाद घालणार नाही. पिठे आणि पुडी यांच्या बाबतीत मात्र आमचा आग्रह आहे: हरभऱ्याची डाळ, धने, मिरे, सुक्या मिरच्या हे जिन्नस अख्खे आणावेत आणि पिठाच्या गिरणीत वा मसाला कांडपाच्या ठिकाणी डोळ्यांदेखत दळून-कुटून घ्यावेत. महिन्याकाठी यास एक सकाळ लागते, आणि ती सकाळ घरातील पुरुषाने द्यावी. डबा घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहण्यास पाककौशल्य लागत नाही. चकलीच्या भाजणीआधी दगडावर कोणाचे काय दळले गेले, एवढे विचारण्यापुरती चौकसबुद्धी असली म्हणजे पुरे.

अर्थात अख्खेपणा ही काही पक्की हमी नव्हे, हे हळद सांगते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत ज्या पिकाची साठवण जमिनीच्या पोटात होत आली, ती हळद पुडीच्या रूपाने रंगवता येते तशी अख्ख्या हळकुंडांनाही शिशाचे पिवळे क्रोमेट फासून उजळवता येते, आणि ते सुपात कळत नाही. शेजारच्या बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. लोकांत बोभाटा झाला, घाऊक पेठेत छापे पडले, व्यापाऱ्यांना दंड झाले, आणि २०२१ साली एकाही नमुन्यात ते सापडले नाही. गृहिणीच्या दक्षतेने जे कदापि साधले नसते ते अंमलबजावणीने दोन वर्षांत साधले.

आपल्याकडे कायद्याची वाण कधीच नव्हती. धान्य, तेल, मीठ, औषधे यांत हलका माल मिसळणाऱ्यास बारा पण दंड कौटिल्याने सांगून ठेवला आहे. स्वतंत्र भारताने १९५४ साली भेसळ प्रतिबंधक कायदा केला. वनस्पती तुपात तिळाचे तेल घालणे सक्तीचे करण्यात आले ते चवीसाठी नव्हे, तर ते साजूक तुपात मिसळले गेल्यास एका साध्या रासायनिक कसोटीत गुलाबी-तांबडा रंग उमटून चोरी पकडली जावी म्हणून. राज्यकारभारात अशी कल्पकता क्वचित दिसते. पुढे १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळले गेले, साठाहून अधिक माणसे दगावली, आणि तेव्हा कुठे सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर निर्बंधाचा हुकूम निघाला. हुकूम निघण्यासाठी आधी प्रेते मोजावी लागतात, हा मात्र आपला जुना रिवाज.

सध्याचा अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा. त्यान्वये साध्या ग्राहकासही ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, ही तरतूद किती वाचकांस ठाऊक आहे? त्याच कायद्यात विश्लेषकास अहवालासाठी चौदा दिवसांची मुदत आहे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी खव्याचा नमुना घेतला, तर अहवाल येईपर्यंत भाऊबीज होऊन गेलेली असते, पेढे पचलेले किंवा बाधलेले असतात, आणि उरलेला व्यवहार दंडाच्या पावतीचा राहतो. अन्न व औषध प्रशासनाचे छापे दरवर्षी सणाच्या तोंडावर पडतात, वृत्तपत्रांत जप्त मालाची छायाचित्रे येतात. त्या अधिकाऱ्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही, वेळापत्रकाविषयी आहे. खवा, तूप आणि बेसन यांचे नमुने घटस्थापनेपूर्वीच घाऊक बाजारातून उचलावेत, त्यांचे निकाल पेठेच्या नावासह कोजागिरीपर्यंत स्थानिक वृत्तपत्रांत छापावेत, आणि धनत्रयोदशीपर्यंत फिरत्या प्रयोगशाळेची गाडी जिल्ह्याच्या ठिकाणच्या भुसार पेठेत उभी ठेवावी, अशी आमची सूचना आहे. ती अर्जाच्या रूपाने संबंधित खात्याकडे आम्ही पाठवीत आहोत. उत्तर आल्यास पुढील वर्षी याच पानावर छापू.