अर्धं कोर्ट

गेल्या रविवारी माहीमला दादाकडे जेवायला होतो. शीतलादेवीच्या देवळापासून चार पावलांवर आमचं जुनं घर. आता आई, दादा आणि वहिनी तिथे राहतात आणि मी पवईच्या चौदाव्या मजल्यावरून दर पंधरा दिवसांनी सुरमईसाठी तिकडे जातो. (आईला वाटतं तिच्यासाठी येतो. असो.) परवा मामाही आले होते. दादाने सिटीलाइटच्या बाजारातून मोठ्ठी सुरमई आणली होती, वहिनीची सोलकढी जमून आली होती, एकूण वातावरण उत्तम. आणि मग पुतणीच्या टेनिसचा विषय निघाला.

पुतणी चौदा वर्षांची. सहा वर्षं खेळतेय. तिच्या कोचने दादाला सांगितलं की सिंगल्समध्ये ती फार पुढे जाईल असं वाटत नाही, पण डबल्समध्ये कुठे उभं राहायचं याची समज तिला वयाच्या मानाने फार चांगली आहे, जोडीदारीण बरी मिळाली तर पोरगी चमकेल. दादाला यातलं पहिलं अर्धं वाक्यच ऐकू आलं. दहावी दोन वर्षांवर, क्लासची फी, कोचिंगची फी, रॅकेटच्या सारख्या तुटणाऱ्या तारा. "डबल्ससाठी एवढा खर्च?" तो म्हणाला. त्यावर मामांनी निकाल दिला, "डबल्स म्हणजे काय रे, अर्धं कोर्ट! सिंगल्समध्ये जे पडतात ते तिकडे जातात. ती सानिया नाही का गेली?"

सगळे हसले. पुतणी ताटाकडे बघत होती. मीही काही बोललो नाही, सुरमईचे काटे काढत बसलो. निघताना जिन्यात तिने विचारलं, "काका, तुला टेनिस कळतं ना? मग बोलला का नाहीस?"

तर जे बोलायला हवं होतं ते हे. एक आठवडा उशिरा.

आधी कबुलीजबाब. २०१३ मध्ये सानिया मिर्झाने सिंगल्स सोडलं तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाचा कप हातात धरून "संपली!" असं म्हणणारा मीच होतो. तेव्हा ती २६ वर्षांची होती. त्यानंतर तिने काय केलं ते बघा, आणि माझ्या भविष्य सांगण्यावर विश्वास ठेवू नका.

मामांचा पहिला मुद्दा: सिंगल्स जमलं नाही म्हणून डबल्स. जरा तारखा लावून बघू. २००३ मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर मुलींचं विजेतेपद सानियाला मिळालं, ते अलिसा क्लेबानोव्हाबरोबर, डबल्समध्ये. २००४ मध्ये हैदराबादला तिने महिलांच्या मुख्य सर्किटवरचं पहिलं विजेतेपद मिळवलं, लीझेल ह्यूबरबरोबर, पुन्हा डबल्समध्ये. सिंगल्सचं विजेतेपद आलं त्यानंतरच्या वर्षी, २००५ मध्ये. म्हणजे डबल्स हा तिचा प्लॅन बी नव्हताच मुळी, ते आधीपासून तिच्याकडे होतं. सिंगल्समध्ये ती ऑगस्ट २००७ मध्ये जगात २७ व्या क्रमांकावर पोचली. जगात! आपण आपल्या सोसायटीत २७ वे येत नाही. मग मनगटाने दगा दिला, २००८ मध्ये ऑपरेशन झालं, गुडघेही कुरकुरत होते. शरीराचा हिशोब मांडून तिने आपल्याला जे सर्वांत चांगलं येतं ते निवडलं. याला पडणं म्हणतात?

दुसरा मुद्दा, जो मामांनी काढला नाही पण नेहमी निघतो: "ते सगळं हिंगिसमुळे." मार्टिना हिंगिस महान आहे, वादच नाही. तिच्याबरोबर सानियाने २०१५ चं विम्बल्डन, २०१५ ची यूएस ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, आणि दोघींनी सलग ४१ सामने जिंकले. पण हिंगिस भेटण्याआधीचं काय? महेश भूपतीबरोबर २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच ओपन, ब्रूनो सोआरेसबरोबर २०१४ ची यूएस ओपन, ही तीन मिश्र दुहेरीची. शिवाय २०१४ ची वर्षअखेरची स्पर्धा कारा ब्लॅकबरोबर. आणि जोडी फुटल्यावर? ऑगस्ट २०१६, सिनसिनाटीची फायनल. नेटच्या एका बाजूला हिंगिस आणि कोको वॅन्डेवे, दुसऱ्या बाजूला सानिया आणि बार्बोरा स्ट्रायकोव्हा. जिंकली सानिया, ७-५, ६-४. यापुढे मला काही बोलायची गरज वाटत नाही.

आता ते अर्धं कोर्ट. मी इंजिनियर माणूस, मोजून बोलतो. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६. मामा लगेच म्हणतील, ३६ भागिले दोन, १८, म्हणजे कमीच की! गणित बरोबर. पण पलीकडे दोघी आहेत आणि त्यातली एक नेटला चिकटून उभी आहे. तुमचा फटका ती हवेतच अडवते, त्यामुळे सिंगल्समध्ये मागून येणाऱ्या चेंडूला जेवढा वेळ मिळतो तेवढा इथे मिळत नाही. शिवाय आपल्या बाजूला आणखी एक माणूस, जी आत्ता कुठे सरकणार हे तिच्याकडे न बघता कळायला हवं. दोघींच्या मधून जाणारा चेंडू कुणाचा, हे चेंडू यायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. वाटणी होते ती जमिनीची. डोक्याचं काम दुप्पट होतं.

याचा नमुना हवा असेल तर ११ जुलै २०१५ ची विम्बल्डन फायनल बघा. समोर माकारोव्हा आणि व्हेस्निना. पहिला सेट गेला. दुसरा टायब्रेकमध्ये कसाबसा मिळवला. तिसऱ्यात २-५ ने मागे. तिथून ५-५. अंधार पडला म्हणून खेळ थांबवून छप्पर बंद केलं, दिवे लावले, आणि परत येऊन या दोघींनी ७-५ ने सामना घेतला. २-५ ला एकटी बाई काय करते ते आपण पुष्कळदा पाहिलंय. स्वतःशी चडफडते, रॅकेट आपटते. इथे दोघींना एकाच वेळी खचून चालत नाही, हे कौशल्य शिकवणारा क्लास मला आयटीत येऊन इतकी वर्षं झाली तरी सापडलेला नाही.

बरं, विरोधी बाजूचं खरं असेल ते मान्य करू. डबल्समध्ये पैसे कमी आहेत. २०१५ मध्ये विम्बल्डनच्या सिंगल्स विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड होते आणि डबल्सच्या जोडीला मिळून ३ लाख ४० हजार. म्हणजे प्रत्येकीला साधारण अकरावा हिस्सा. सिंगल्समधल्या पहिल्या रांगेतल्या पुष्कळ जणी डबल्स खेळतच नाहीत, हेही खरं. पण हा झाला बाजारभाव. ज्याची किंमत कमी त्याची लायकी कमी, असं मानायचं असेल तर आधी आपल्या घरातली बायकांची कामं कुठल्या खात्यात टाकायची ते ठरवा.

आणि गंमत म्हणजे हे गणित आपल्याला फक्त मुलींच्या वेळी सुचतं. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि महेश भूपती विम्बल्डन जिंकले तेव्हा अर्धं कोर्ट कुणाला आठवलं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी डबल्समध्ये जगात पहिला झाला, तेव्हा याच मामांनी मला व्हॉट्सअॅपवर सॅल्यूटचे तीन फोटो पाठवले होते. (वाजवीच होतं ते.) सानिया १३ एप्रिल २०१५ ला पहिली झाली, एकूण ९१ आठवडे तिथे राहिली, आणि २०१६ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं की तू सेटल कधी होणार! तिने जागच्या जागी उत्तर दिलं आणि विचारणाऱ्याला माफी मागावी लागली. त्याआधी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला रुसलेल्या एका मोठ्या खेळाडूची समजूत काढायला आपल्याला आमिष म्हणून वापरलं, असं तिला जाहीरपणे सांगावं लागलं होतं. पुढे मूल झाल्यावर परत येऊन जानेवारी २०२० मध्ये होबार्टला ती जिंकली, आणि २०२३ मध्ये आपल्या मर्जीने थांबली.

"ती कुठे आपली, हैदराबादची" हेही माहीत आहे. जन्म मुंबईचा आहे, पण सोडा. मग बार्शी तरी आपली ना? बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये सानियाबरोबर कांस्यपदक घेऊन आली, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या कोर्टवर तिच्याच शेजारी उभी राहिली. पहिल्याच फेरीत हरल्या, पण तीन सेट झुंजून, चीनच्या जोडीशी. पुण्याची ऋतुजा भोसले बोपण्णाबरोबर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली, पहिला सेट २-६ हरल्यावर. ही पदकं कुठल्या कोर्टवर आली? त्याच, अर्ध्या.

मागच्या वर्षी ऑफिसात पेमेंटचा एक घाणेरडा बग आम्हा दोघांना तीन रात्री पुरला. मी लॉग वाचत होतो, सहकारी कोड वाचत होती, आणि तिसऱ्या पहाटे दोघांनी एकदम "अरे!" म्हटलं. बग कुणी शोधला? खरंच सांगता येणार नाही. अप्रेझलच्या फॉर्मात मात्र प्रश्न होता, 'या वर्षी तुम्ही स्वतः काय साध्य केलंत?' तिने लिहिलं, 'आम्ही'. तिला रेटिंग कमी मिळालं. मी लिहिलं होतं, 'मी'. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यामुळे मामांना हसण्याचा मला तसा अधिकार नाही.

पण मामा, एक विचारू? तुमचं सगळं तारुण्य शिवाजी पार्कात गेलं. दर जेवणाला तुम्ही एकच गोष्ट सांगता, १९८८ ची हॅरिस शील्ड, शारदाश्रम, तेंडुलकर आणि कांबळी, नाबाद ६६४. सचिन ३२६ आणि विनोद ३४९ हे तुम्ही नंतर सांगता, तेही आम्ही विचारलं तर. आधी म्हणता ६६४. तो आकडा कुणा एकाचा नाही, दोघांचा मिळून आहे, आणि दादर-माहीममध्ये त्याच्यापुढे नतमस्तक न होणारा माणूस मला अजून भेटायचाय. त्यातल्या कुणाला तुम्ही कधी अर्धी पिच म्हणालात?

दादाला मी कसलंही वचन देणार नाही. पोरगी विम्बल्डनला जाईल की नाही मला माहीत नाही, बहुतेक नाही जाणार. खर्च खरा आहे, दहावीही खरी आहे. या दोन्ही कारणांनी थांबवायचं तर तसं तिला समोर बसवून सांगा, ती समजूतदार आहे. पण तिला जे सर्वांत चांगलं येतं तेच कमअस्सल आहे, असं सांगून थांबवू नका. ते ती आयुष्यभर खरं मानेल, आणि पुढे कुठल्या तरी फॉर्मात 'मी' लिहील.

येत्या रविवारी परत माहीमला जातोय. सुरमई असो वा नसो. या वेळी आधी बोलणार, मग जेवणार.