वजनाचा काटा आणि आतड्याचा कर्करोग

मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि शरीराचे वजन यांच्या संबंधाविषयी अलीकडच्या काळात एक चमत्कारिक निष्कर्ष वारंवार पुढे आला आहे. लठ्ठपणामुळे हा रोग होण्याचा संभव वाढतो, याबद्दल आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ज्या १३ कर्करोगांचा संबंध अतिरिक्त मेदाशी जोडला, त्यांत मोठे आतडे व गुदाशय यांचा समावेश आहे. परंतु रोग जडल्यानंतर कोण अधिक जगतो हे पाहू गेल्यास चित्र उलटे दिसते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, उत्तर कॅलिफोर्नियातील ३,४०८ रुग्णांच्या पाहणीत निदानाच्या वेळी काहीसे स्थूल असलेले रुग्ण सडपातळ रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात वाचल्याचे आढळले. जे शरीर रोगाला आमंत्रण देते, तेच पुढे रुग्णाला तारते, असा याचा वरवरचा अर्थ होतो. संशोधकांनी त्याला ‘स्थूलतेचा विरोधाभास’ असे नाव दिले. ‘खात्यापित्या घरचा’ हे शब्द जिथे आजही कौतुकाने उच्चारले जातात, त्या समाजाला हा निष्कर्ष गोड वाटावा यात नवल नाही. म्हणूनच तो नीट तपासून घेतला पाहिजे.

प्रथम मोजमापाचा विचार करू. या सर्व पाहण्यांचा आधार म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. दवाखान्यात त्याला बीएमआय म्हणतात. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात मांडले ते बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी, आणि ते वैद्य नव्हते. गणित व खगोलशास्त्र यांतून समाजाच्या संख्याशास्त्राकडे वळलेल्या या विद्वानाला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्या रुग्णाची प्रकृती पाहायची नव्हती. विसाव्या शतकात अमेरिकन विमा कंपन्यांनी वजनाचे तक्ते केले ते हप्त्यांच्या हिशेबासाठी, आणि १९७२ साली अँसेल कीज यांनी केतले यांच्या जुन्या गुणोत्तराला आजचे नाव दिले. समूहाची ढोबळ तुलना करण्यास हे साधन पुरेसे आहे. एका माणसाच्या देहात चरबी किती व स्नायू किती, हे मात्र ते सांगू शकत नाही.

आतड्याच्या कर्करोगात नेमका हाच भेद निर्णायक ठरतो. कॅलिफोर्नियातीलच ३,२६२ रुग्णांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीटी स्कॅनवरून स्नायूंचे क्षेत्र मोजण्यात आले. सुमारे ४२ टक्के रुग्णांचे स्नायू प्रमाणाबाहेर घटलेले होते, आणि अशांमध्ये मृत्यूचा धोका २७ टक्क्यांनी अधिक होता. काहीसे जड रुग्ण बरे जगतात, त्याचे एक कारण इथे सापडते: सरासरीने त्यांच्या अंगावर चरबीबरोबर स्नायूही अधिक असतात. त्यात रासायनिक औषधांची मात्रा सामान्यतः उंची व वजन यांवरून ठरते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन रुग्णांपैकी ज्याचे स्नायू कमी, त्याला तेच औषध अधिक जाचक होते, मात्रा घटवावी लागते, उपचार लांबतात. तात्पर्य, काट्यावरचा आकडा ज्या श्रेयावर हक्क सांगतो, ते बव्हंशी दुसऱ्याचेच असते.

दुसरा प्रश्न काळाचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह यांतील फरक पहिल्या वर्षीच शिकवला जातो. एखाद्या व्यापाऱ्याजवळ आज दहा लाखांचे भांडवल आहे, एवढ्यावरून त्याची पत ठरत नाही. वर्षापूर्वी ते वीस लाख होते की पाच, हे विचारावे लागते. वजनाचेही तसेच आहे. आतड्यातील गाठ निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून शरीर झिजवू लागते. ज्याचे वजन कायम ८० किलो होते आणि निदानाच्या दिवशी ६६ भरले, तो माणूस पाहणीत ‘प्रमाणशीर वजन’ या रकान्यात जाऊन बसतो. जन्मभर ६६ किलो असलेला निरोगी बांध्याचा माणूसही त्याच रकान्यात असतो. पहिल्याचा मृत्यू मग सडपातळपणाच्या खाती मांडला जातो. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोगापूर्वीचे व रोगानंतरचे वजन वेगवेगळे तपासले गेले. रोग होण्यापूर्वी लठ्ठ असलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. निदानानंतर नोंदलेल्या वजनाशी मात्र मृत्यूचा संबंध दिसला नाही. आकडा कोणत्या दिवशी घेतला, एवढ्यावरून निष्कर्ष बदलला.

केवळ रोग्यांचीच पाहणी करण्यातही एक खोच आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते की, रुग्णालयात दाखल झालेल्यांतून काढलेले संबंध बाहेरच्या जगात खरे असतीलच असे नाही. लठ्ठ माणसाला हा रोग त्याच्या लठ्ठपणामुळे होऊ शकतो. सडपातळ असूनही ज्याला झाला, त्याच्या रोगाचे मूळ अन्यत्र, कदाचित अधिक घातक, असू शकते. या दोघांची तुलना ही वजनांची शुद्ध तुलना नव्हेच.

शिवाय कॅलिफोर्नियातील २८ हा आकडा आपल्याकडे २८ राहत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ पण आतून मेदयुक्त असा हा भारतीय देह आहे; त्याच्या अंगी स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे निराळे टप्पे सुचवले. तेव्हा परदेशातील निष्कर्षावरून आपल्या रुग्णाला ‘थोडी जाडी बरी’ असे सांगणे धाडसाचे होईल, आणि ‘बारीक आहे, काळजी नाही’ असे सांगणे त्याहून अधिक.

आपल्याकडची खरी अडचण आणखी वेगळी आहे. भारतात २०२२ साली या रोगाचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने तो लहान, म्हणूनच रोगाचा संशय उशिरा येतो. केंद्र सरकारने २०१६ साली आखलेल्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांना स्थान मिळाले. आतड्याच्या कर्करोगाला नाही. अशा स्थितीत शरीर स्वतः जी सूचना देते, तीवरच विसंबावे लागते. पण शौचावाटे रक्त गेले की घरोघरी मूळव्याधीचे निदान होते आणि महिनोन्‌महिने त्यावरच औषध चालते. पन्नाशीच्या गृहस्थाचे वजन प्रयत्नावाचून सात-आठ किलोंनी उतरले, तर कचेरीत त्याचे अभिनंदन होते. पट्टा दोन भोके आत गेला म्हणून तोही खूश असतो. व्यायाम नाही, आहारात बदल नाही, आणि वजन उतरते आहे, ही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे, हे कचेरीतल्या कुणालाच सुचत नाही.

निदान झाल्यानंतर दुसरे संकट सुरू होते, आणि ते बहुधा प्रेमापोटी येते. नातेवाईक, शेजारी, कुणी परिचित वैद्य मिळून रुग्णाचे दूध तोडतात, अंडी-मासे बंद करतात, साखरेने गाठ वाढते म्हणून भातही काढून घेतात. काही जण तर गाठीला ‘उपाशी मारण्यासाठी’ रुग्णाला उपवास घडवतात. गाठ उपाशी मरत नाही. ती स्नायूंवर भागवते. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, निदानानंतर ज्यांचे वजन १० टक्क्यांहून अधिक घटले, त्यांचा या रोगाने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे तिपटीने अधिक आढळला. घट हा कित्येकदा बळावलेल्या रोगाचा परिणाम असतो हे खरे. तथापि तिच्यात पथ्याची भर घालण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

उलट दिशेचा पुरावा २०२५ साली हाती आला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अन्य देशांतील ८८९ रुग्णांना शस्त्रक्रिया व रासायनिक उपचार संपल्यावर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटाला केवळ आरोग्यविषयक माहिती, दुसऱ्याला तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम. आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटातील ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ८३.२ टक्के. इथे लक्ष्य वजन नव्हते, हालचाल होते. बहुतेकांना परवडेल असा हा उपचार आहे. गरज आहे ती रुग्णाला सांगणाऱ्या आणि त्याच्या मागे लागणाऱ्या माणसाची.

तो माणूस मात्र आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत क्वचितच भेटतो. महागड्या यंत्रांच्या खरेदीवर वृत्तपत्रांत चर्चा होते. आहारतज्ज्ञाच्या एका पदावर होत नाही. सीटी स्कॅन रोगाच्या निदानासाठी काढलेलाच असतो, त्यावरून स्नायू मोजण्यास निराळा स्कॅन लागत नाही. केसपेपरवर आजचे वजन लिहिले जाते. त्याच्या शेजारी सहा महिन्यांपूर्वीचे आणि निरोगी असतानाचे वजन लिहिण्यास एक ओळ पुरेल. ती ओळ भरण्यासाठी रुग्णाच्या पत्नीला किंवा मुलाला एक प्रश्न विचारावा लागेल, आणि जिल्हा रुग्णालयातील रांगेत प्रत्येक रुग्णामागे तेवढा वेळ मिळावा यासाठी आणखी काही माणसे नेमावी लागतील.