दिवा लागला, ओळख पटेना

पेन्शन घेणाऱ्या मंडळींस नोव्हेंबर महिना हा वार्षिक परीक्षेसारखा असतो. आपण हयात आहो, एवढेच या परीक्षेत सिद्ध करावयाचे. दि. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली, तेव्हापासून बोटाचा ठसा आधारशी जुळला की हयातीचा दाखला घरबसल्या निघतो. निघतो खरा, परंतु ठसा घेणारे यंत्रच संगणकाने ओळखले नाही तर काय अवस्था होते, ते गेल्या खेपेस लातुरास आमच्या अक्काच्या घरी पाहावयास मिळाले. वाचकांच्या घरी कोणाच्या माऊसचे, कोणाच्या कीबोर्डचे असे कधी ना कधी होतेच; म्हणून ती हकीकत विस्ताराने देतो.

अक्का ही माझी थोरली बहीण, वय ८१. तिचे यजमान रेल्वेत मालधक्क्यावर कारकून होते व बार्शी लाइनवर त्यांची बरीच नोकरी झाली. त्यांच्या मागे तिला कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. भाच्याचा मुलगा ओसरीलगतच्या खोलीत सेवाकेंद्र चालवितो. ऐंशीच्या वरील माणसांस १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पण केंद्र घरचेच, तेव्हा अक्काचा नंबर सर्वांत शेवटी! मी नांदेडहून २७ नोव्हेंबरास पोहोचलो, तो घरात सुतकी शांतता. दाखला न गेल्यास पुढची पेन्शन थांबते. मागाहून थकबाकीसह मिळते हे खरे. परंतु आपल्या औषधासाठी मुलापुढे हात पसरावयाचा नाही हा अक्काचा बाणा, आणि तो तिने आजवर मोडलेला नाही. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय २०२१ पासून झाली आहे, पण तीत डोळे मिचकावून दाखवावे लागतात आणि अक्काच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची पट्टी होती.

यंत्र संगणकास लावले की एक ध्वनी होई, यंत्रातील दिवा लागे आणि पडद्यावर सूचना येई की हे उपकरण ओळखता येत नाही. ‘ओळखत नाही’ हे शब्द अक्काने स्वयंपाकघरातून ऐकले आणि तिची समजूत झाली की यंत्र आपली बोटेच ओळखत नाही. उतारवयात बोटांवरील रेषा झिजतात हे तिने कोठेतरी ऐकले होते. दोन रात्री ती तळहातांस खोबरेल चोळीत बसली होती. हे मला भाचेसुनेने हळूच सांगितले.

नातवाने आपल्या परीने पुष्कळ खटपट केली होती. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुढचे छिद्र सोडून पेटीच्या मागील छिद्रात लावून पाहिले. यंत्राचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. शेवटी यंत्र मित्राच्या दुकानात नेले. तेथील संगणकानेही तेच सांगितले. तेव्हा यंत्रच बिघडले असा निर्णय देऊन त्याने पुण्याहून नवे मागविले होते. ते येणार चार दिवसांनी, म्हणजे महिना उलटल्यावर.

मला संगणकातले फारसे कळत नाही. परंतु अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ विद्यार्थिदशेत घोकलेला आहे. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धुरास ओल्या सर्पणाचीही गरज असते. या ओल्या सर्पणास नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ती ध्यानात आली नाही म्हणजे अनुमान चुकते. मी नातवास विचारले, “मित्राकडे काय काय घेऊन गेला होतास?”

“हे यंत्र, आजोबा. आणि ही जोडवायर. यंत्राची वायर आखूड आहे ना.”

दोन्ही ठिकाणी संगणक निराळा, पण जोडवायर तीच! मी म्हटले, ती काढ. टेबल ओढून पेटीशी नेले, यंत्र थेट लावले, आणि संगणकाने ते मुकाट्याने ओळखले.

नातू कुतूहलाचा मुलगा. त्याने ती वायर कापून पाहिली. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. तांबडी व काळी वीज वाहतात. हिरवी व पांढरी मिळून संभाषण चालवितात. येथे पांढरी तार टोकाशी सुटलेली होती. आता सर्व उलगडा होतो. दिवा लागला याचा अर्थ तांबडी-काळी शाबूत, एवढाच. आम्ही सर्व त्या दिव्यास फसलो. या जातीचे यंत्र हिरव्या तारेवर दाब चढवून, हजेरीच्या वेळी मुलाने हात वर करावा तसे, आपण आल्याचे कळविते. संगणक विचारतो, तू कोण? यंत्राने आपल्या कंपनीचा व मालाचा क्रमांक सांगावा, म्हणजे संगणक त्यास १ ते १२७ पैकी एक नंबर देऊन वर्गात बसवितो. आमचे यंत्र हात वर करी, पण नाव सांगू शकत नसे. म्हणून ‘ओळखत नाही’ ही सूचना. दोन्ही तारा तुटल्या असत्या तर संगणकास कोणी आल्याचा पत्ताही लागला नसता. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त वायरीत या दोन तारा मुळातच नसतात, हेही ध्यानात असावे. ओळख पटूनही पिवळा त्रिकोण दिसला तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. कीबोर्ड-माऊस यांचे सॉफ्टवेअर संगणकात आधीच असते, ठशाच्या यंत्राचे वेगळे घालावे लागते.

आमच्या मराठवाड्यास ही ‘एकच माप’ करण्याची कल्पना नवी नाही. पूर्वी मनमाडास रुंद मापाची गाडी सोडून नांदेडकडे येण्यास मीटर मापाच्या गाडीत बसावे लागे, आणि लातुरास तर बार्शी लाइटची अडीच फुटी. संगणकाचेही तसेच होते. कीबोर्डास गोल छिद्र, छपाईयंत्रास लांबट. १९९६ साली यूएसबीचे पहिले प्रमाण ठरले आणि हळूहळू सर्वांस एक रूळ झाला. त्या कामात अग्रभागी असलेले इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. बडोदे म्हटले की मराठी माणसास थोडे आपलेपण वाटतेच.

असो. अक्कास बोलाविले. उजवा अंगठा यंत्राने घेतला नाही. तिचा चेहरा उतरला. मी म्हटले, “अक्का, आधी ते तेल पूस.” तिने पदराने हात कोरडे केले. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, तेव्हा एक नाही तर दुसरे चालते. डाव्या हाताचे मधले बोट पहिल्या खेपेस जुळले आणि थोड्याच वेळात दाखल्याचा क्रमांक भाच्याच्या मोबाईलवर आला. अक्काने तो दोनदा वाचवून घेतला. मग नातवाकडे पाहून म्हणाली, “वायर तुटली होती, तर मला बोटे का चोळू दिलीत रे?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. बाहेर बाकावर अजून सहाजण बसले होते. नातवाने पुढच्या आजोबांस आत बोलाविले.