ओव्याचें तेल आणि आगाशीचें सुकेळें

शेतमाल टिकविण्यासाठीं सुगंधी वनस्पतिज तेलांचा पुरस्कार अलीकडे फार होऊं लागला आहे. विलायतेंतील थाइम नांवाच्या झुडपाचें तेल बुरशी मारतें आणि मालास खवट होऊं देत नाहीं, अशी त्याची कीर्ति आहे. वसई, आगाशी, नंदाखाल ह्या बाजूचे जे थोडे बागाइतदार अजून राजेळी केळ राखून सुकेळीं करितात, त्यांनीं ह्या तेलाच्या बाटलीवर पैसा घालावा कीं नाहीं, ह्याचा विचार वेळीच झालेला बरा.

प्रथम तेलाचा जो खरा गुण आहे तो मान्य केला पाहिजे. थाइमच्या तेलांतील मुख्य द्रव्य थायमॉल हें होय. आणि तेंच द्रव्य आपल्या घरच्या ओव्यांतही आहे. ओव्याच्या दाण्यांतून शेंकडा २ ते ४ तेल निघतें, व त्या तेलाचा साधारण एक तृतीयांश ते अर्धा भाग थायमॉल असतो. काष्ठौषधीच्या दुकानीं ओव्याचें सत्त्व म्हणून जे पांढरे खडे मिळतात, ते हेच. १९१४ च्या महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानचा ओवा जहाजांतून जर्मनीस जाई आणि तेथें त्याचें थायमॉल होऊन जगभर विकलें जाई. तेव्हां विलायती नांवास भुलून जादा दाम मोजण्याचें आपणांस कारण नाहीं.

हें द्रव्य बुरशीच्या पेशीभोंवतालचें पातळ आवरण बिघडवितें. आंतील रस बाहेर झिरपतो व बुरशीची वाढ खुंटते. भुईमुगावर विष उत्पन्न करणारी अस्परजिलस जातीची बुरशीही प्रयोगशाळेंत ह्या तेलांनीं रोखली गेली आहे. युरोपीय संघानें २०१३ सालीं थायमॉलास पीकसंरक्षक द्रव्य म्हणून मान्यता दिली. दुसरा गुण असा कीं, हवेंतील प्राणवायूमुळें तेलातुपास जो खवटपणा येतो, त्याची गति थायमॉल मंद करितें.

परंतु प्रयोगशाळेंतील काचेची बशी निराळी आणि आपल्या वाडींतील मांडव निराळा. केळ्यांत स्निग्धांश नाममात्र असतो. म्हणून खवटपणा रोखण्याचा गुण खोबऱ्यास उपयोगीं पडला तरी सुकेळ्यास त्याचा लाभ नाहीं. राहिला बुरशीचा प्रश्न. सोललेलें राजेळी केळें उन्हांत वाळलें म्हणजे त्यांतील पाणी उणें होतें, साखर दाट होते, आणि बुरशीस वाढण्यापुरतें पाणीच मिळत नाहीं. सुकेळें टिकतें तें ह्याच कारणानें. गाभ्यांत ओल राहिली तर वरून लाविलेलें तेल कांहीं काळ राखण करील. पण तें उडून जाणारें आहे. तेल उडालें कीं राखण संपली. ओल मात्र जागच्या जागीं राहते. बरें, मात्रा वाढवावी तर गोड सुकेळ्यास ओव्याचा दर्प येणार, आणि आगाशीच्या नांवावर माल घेणारें गिऱ्हाईक पुन्हां फिरकणार नाहीं.

कोणी म्हणतील, अवकाळी पावसानें भरला मांडव भिजतो, तेव्हां ऊन कोठून आणावें? प्रश्न रास्त आहे. ज्याचा माल डोळ्यांदेखत काळा पडला, तो बाटलीकडे धांवला तर त्यास आम्ही दोष देत नाहीं. मात्र त्याच्या गांठीं जो थोडा पैसा आहे, तो आधीं पारदर्शक आच्छादनाच्या वाळवणघरांत गेला पाहिजे. एकट्यास तें झेपत नसेल तर चौघांनीं मिळून एक उभारावें. आपल्या संघाचें काम येथेंच आहे.

त्यानंतर तेलाची परीक्षा अवश्य घ्यावी, पण हिशेबानें. एकाच दिवशीं वाळलेल्या मालाचे दोन सारखे वांटे करावे. एका डब्यांत तेलाचा बोळा फळास न लागेल असा ठेवावा, दुसऱ्यांत ठेवूं नये. वजन, तारीख, पावसाचे दिवस, पहिली बुरशी कधीं दिसली आणि चवींत फरक पडला कीं नाहीं, हें वहींत टिपावें. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें; ज्याची नोंद नाहीं तो दावा तेथें टिकत नसे, आणि शेतींतही तो टिकूं नये. अशा दहा-वीस वह्या कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांपुढें ठेविल्या, तर त्यांचा सल्ला आपल्याच मालाविषयीं मिळेल.

वाड्या उणावत चालल्या आहेत आणि राजेळीही त्यांबरोबर जात आहे. उरलेल्या मालाची अब्रू राखणें आपल्या हातीं आहे. ओव्यास त्याचा मान द्यावा, पण उन्हाचें काम त्याजकडे सोंपवूं नये, इतकीच आमची विनंती आहे.