सोडतीची लाज कशाला?

डिसेंबर २०२५मध्ये भोपाळची मेट्रो सुरू झाली आणि शहरातली एक जुनी गंमत नकाशावर उमटली. भोपाळच्या कोचिंग क्लासेसचं माहेरघर म्हणजे एमपी नगर. तिथून गाडीत बसलं की राणी कमलापती, डीआरएम ऑफिस, अलकापुरी आणि मग शेवटचं स्थानक एम्स. चार स्थानकं, काही मिनिटांचा प्रवास. एमपी नगरच्या वर्गांत ज्या फाटकाचं स्वप्न विकलं जातं, ते फाटक हे. संस्थेचा टपाली पत्ताच ‘साकेत नगर, भोपाळ’ असा आहे.

साकेत नगरच्या मुलांना या शेजाराचा काडीचा उपयोग नाही. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्यातल्या मुलांना असतात. एम्समध्ये तसा राज्याचा कोटा नाही, सगळ्या जागा देशभरासाठी खुल्या. २०१२मध्ये इथं ५० जागांनी एमबीबीएस सुरू झालं, आता जागा सव्वाशेच्या घरात आहेत. २०२५मध्ये नीट ही प्रवेश परीक्षा दिली २२ लाखांहून अधिक मुलांनी. फी वर्षाला काही हजार, नाव एम्सचं, त्यामुळे खुल्या वर्गातली जागा देशातल्या पहिल्या हजाराच्या आतच संपते. भेलच्या नोकरीपायी या भागात रुजलेल्या मराठी घरांतही जूनमध्ये निकाल लागला की एकच वाक्य ऐकू येतं: ‘अहो, चार मार्कांनी गेलं.’

चार मार्क म्हणजे एक प्रश्न. या वाक्यात हळहळ असते, पण शंका नसते. चार मार्कांनी गेलं म्हणजे गुणवत्तेनंच गेलं, हे बोलणाऱ्यानंही मान्य केलेलं असतं आणि ऐकणाऱ्यानंही. वाद घालायचा आहे तो या मान्यतेशी.

आधी पूर्वपक्ष, आणि तो ताकदीनं मांडायला हवा, कारण भोपाळमध्ये त्याला वेगळंच वजन आहे. तो म्हणतो: परीक्षा एक, प्रश्नपत्रिका एक, उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र. आडनाव दिसत नाही, बापाचा हुद्दा दिसत नाही, शिफारस चालत नाही. यात दुसरं काही घुसवलंत की दार उघडलंच म्हणून समजा. दार उघडल्यावर काय होतं ते या शहरानं पाहिलं आहे. राज्याच्या परीक्षा घेणाऱ्या व्यापम मंडळाची कचेरी भोपाळचीच. वैद्यकीय प्रवेशाच्या पीएमटी परीक्षेत तिथं ‘इंजिन-बोगी’ नावाचा प्रकार चाले. पैसे घेऊन बसवलेला हुशार परीक्षार्थी म्हणजे इंजिन. त्याच्या मागेपुढे पैसे मोजलेले उमेदवार म्हणजे बोगी. आणि हे डबे नीट जोडले जावेत म्हणून बैठक क्रमांकच तसे दिले जात. जुलै २०१३मध्ये इंदूरला तोतये परीक्षार्थी पकडले गेले तेव्हा हे बाहेर फुटलं. तपास २०१५मध्ये सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६३४ जणांचे प्रवेश रद्द केले. हे ज्यानं जवळून पाहिलं तो ‘एकच परीक्षा, एकच यादी’ या सूत्राला घट्ट धरून बसला, तर त्याला दोष देता येत नाही.

इथपर्यंत पूर्वपक्षाचं सगळं मान्य. घोटाळा पुढच्या पावलावर होतो. काटा चोख असणं वेगळं आणि तो किती बारीक तोलतो हे वेगळं. भुसार दुकानातला काटा अगदी प्रामाणिक असू शकतो, पोत्यात पन्नास किलो गहू आहे की चाळीस हे तो बिनचूक सांगेल. त्याच काट्यावर कुणी अंगठी ठेवून गुंजांचा हिशेब मागू लागला तर दुकानदार हसेल. नीटचा काटा भुसाराचा आहे. ६५० गुणांचा मुलगा ४५० गुणांच्या मुलापेक्षा अभ्यासात पुढे आहे, हे तो खात्रीनं सांगतो. ६५० आणि ६४५ यांच्यातला फरक सांगण्याची त्याची ऐपत नाही, आणि देशातले सगळ्यात मोलाचे प्रवेश आपण नेमके त्याच फरकावर ठरवतो.

ही ऐपत किती तोकडी आहे, हे ५ मे २०२४च्या परीक्षेतल्या भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नानं दाखवून दिलं. प्रश्नात दोन विधानं होती. पहिलं: अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पहिलं बरोबर, याबद्दल वाद नाही. दुसरं? एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या आवृत्तीत जवळजवळ हेच वाक्य छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’च्या जागी ‘बहुतेक’ आलं, आणि ते योग्यच, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. म्हणजे ज्याच्या हातात नवं पुस्तक होतं त्याचं उत्तर एक, आणि जो मोठ्या भावाचं जुनं पुस्तक जपून वापरत होता त्याचं दुसरं. परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. पैकीच्या पैकी, म्हणजे ७२० गुण मिळवणारे एकदम ६७ जण निघाले. त्यांतले ४४ जण या एका प्रश्नाच्या मेहरबानीनं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं गेलं, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले: मिळालेले चार गेले, वर उणे गुणाचा एक कापला गेला. जुलैमधल्या सुधारित यादीत ७२०वाले उरले १७.

विज्ञान म्हणून तज्ज्ञांचं उत्तर बरोबर. पण त्या चार लाख मुलांची डॉक्टर होण्याची लायकी जुलैच्या त्या आठवड्यात बदलली का? त्यांच्या क्रमांकांची मात्र उलथापालथ झाली, कारण यादीच्या मधल्या पट्ट्यात पाच गुणांच्या फटीत हजारो मुलं उभी असतात. रद्दीच्या दुकानातून आणलेलं पुस्तक आणि कोरं पुस्तक यांतला फरक गुणवत्तेच्या नावानं नोंदला गेला.

पुढच्या वर्षी, ४ मे २०२५ला, इंदूरमध्ये वादळ झालं आणि काही केंद्रांवर वीज गेली. सत्तराहून अधिक मुलं उच्च न्यायालयात गेली. एका न्यायमूर्तींनी फेरपरीक्षेचा आदेश दिला, खंडपीठानं तो फिरवला, फेरपरीक्षा झाली नाही. खंडपीठाचं चुकलं असं म्हणायचं नाही. लाखो मुलांची परीक्षा दरवेळी थांबवता येत नाही. पण उजेड किती होता हाही गुणपत्रिकेतला एक न छापलेला विषय असतो, एवढं तर मान्य करावं.

आणि बरोबरी झाली तर? २०२०मध्ये ओडिशाच्या एका मुलाला आणि उत्तर प्रदेशच्या एका मुलीला दोघांनाही ७२० गुण पडले. देशात पहिला तो ठरला, दुसरी ती. कारण तो वयानं मोठा होता. जन्मतारखेवरून गुणवत्ता! त्यावर टीका झाली आणि नियम बदलत गेले. २०२५च्या माहितीपुस्तिकेत बरोबरी फोडायच्या आठ पायऱ्या आहेत. आधी जीवशास्त्राचे गुण, मग रसायनाचे, मग भौतिकीचे; नंतर चुकलेल्या उत्तरांचं प्रमाण, एकूण आणि विषयवार. एवढं करूनही दोघं सुटली नाहीत तर आठवी पायरी: तज्ज्ञ समितीच्या देखरेखीखाली यादृच्छिक निवड. सरकारी भाषेतून सोडवून सांगायचं तर चिठ्ठी. सोडत नीटच्या नियमांत आजच आहे, फक्त तळाशी, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी.

गुणवत्तेच्या नावानं आवाज चढवणाऱ्यांना आणखी एक विचारायला हवं. २०२५मध्ये खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा होती ७२०पैकी १४४. बारा लाखांहून अधिक मुलं ‘पात्र’ ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर. सरकारी जागेसाठी गुंज-गुंज मोजणारा हा काटा खासगी महाविद्यालयाच्या दारात एकदम उदार होतो. लाखोंची फी भरणारा कितीतरी खालच्या क्रमांकावरून डॉक्टर होतो. तिथं कुणाची गुणवत्ता भ्रष्ट होत नाही. चिठ्ठीचं नाव काढलं की मात्र होते.

‘मग परीक्षाच नको, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या’ असं म्हणणारा दुसरा पक्ष आहे. तमिळनाडूनं तो हिरिरीनं लावून धरला, न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१मध्ये नीटमुळे खेड्यातली आणि सरकारी शाळांतली मुलं मागे पडत असल्याचं सांगितलं. दुखणं खरं आहे. तमिळनाडूनं २०२०मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या, मध्य प्रदेशानंही २०२३मध्ये पाच टक्क्यांची वाट धरली; हे उपाय योग्यच. पण बारावीचे गुण? प्रत्येक मंडळाचा हात वेगळा, प्रात्यक्षिकांचे गुण शाळेच्याच खिशातले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयात प्रात्यक्षिकाला किती जणांना पैकीच्या पैकी पडतात, हे प्राध्यापकांना हळूच विचारावं. भुसाराचा काटा मोडून त्या जागी अंदाजपंचे माप आणण्यात हशील नाही.

तिसरा पक्ष अमेरिकेकडे बोट दाखवतो: निबंध बघा, छंद बघा, मुलाखत घ्या, माणूस अखंड पारखा. या पद्धतीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये परीक्षेतून येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या अध्यक्ष लॉवेल यांच्या डोळ्यांवर येऊ लागली. उघड कोटा लावता येईना, तेव्हा ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ तपासायला सुरुवात झाली. पुढे त्याच दारातून माजी विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची मुलं आत गेली, आणि २०१९मध्ये तर लाच देऊन खोटे खेळाडू घुसवल्याची प्रकरणं न्यायालयात उभी राहिली. कोविडकाळात एसएटी परीक्षा बाजूला ठेवणाऱ्या एमआयटीनं ती २०२२मध्ये परत आणली, २०२४मध्ये डार्टमथ आणि हार्वर्डनंही. साधनं नसलेल्या घरातली हुशारी निबंधापेक्षा परीक्षेतच लवकर दिसते, असं त्यांचं म्हणणं. इंजिन-बोगीच्या देशात मुलाखतीचे गुण कुणाच्या पदरात पडतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तर परीक्षा राहू द्यावी. तिच्याकडून तिच्या ऐपतीबाहेरचं काम करून घेऊ नये, एवढंच. मागणी अशी: बरोबरीची व्याख्या रुंद करा. आज समान गुण आणि समान चुका असतील तरच बरोबरी. त्याऐवजी दोन प्रश्नांच्या (प्रत्येकी चार गुण आणि वर उणे गुणाचा एक), म्हणजे दहा गुणांच्या पट्ट्यातली मुलं बरोबरीची धरा आणि त्यांच्यात सोडत काढा, प्रत्येक प्रवर्गात वेगळी, म्हणजे आरक्षणाला धक्का नाही.

पट्टा कुठंही आखला तरी त्याच्या खाली एका गुणानं कुणीतरी राहणारच, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर नेदरलँड्सचा तोडगा आहे. तिथं १९७०च्या दशकापासून वैद्यकीय प्रवेश सोडतीनं होत, पण सोडत भारित असे: गुण जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. अशी उतरती शक्यता ठेवली की पट्ट्याच्या कडेला असणाऱ्याची संधी मुळातच बारीक असते. एका गुणानं हुकलं तरी हुकतं ते थोडंसंच. डच पद्धतीतही ठेच लागलीच. १९९६मध्ये दहापैकी ९.६ सरासरीची एक मुलगी लागोपाठ सोडतीत हरली आणि देशभर गदारोळ झाला. त्यांनी शहाणपणानं १९९९पासून आठच्या वरच्यांना थेट प्रवेश दिला. २०१७मध्ये मुलाखती-निवडीच्या नादात सोडत बंद केली, आणि त्या निवडीत शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलांचंच फावतं हे दिसल्यावर काही वर्षांत ती पुन्हा वापरायची मुभा दिली. आपणही पहिल्या काहीशेंना थेट आत घ्यावं. त्यांच्याबद्दल काटाही गोंधळत नाही.

सोडतीत घोटाळा होणार नाही कशावरून? होऊ शकतो. पण २०२४मध्ये नीट ५७१ शहरांतल्या ४,७५० केंद्रांवर झाली. इतक्या ठिकाणी पेट्या, कुलपं आणि माणसं राखायची होती. सोडत एका सभागृहात, कॅमेऱ्यासमोर निघते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांची सोडत मध्य प्रदेशातही निघते आणि महाराष्ट्रातही, पहिलीतल्या पोराची शाळा तिच्यावर ठरते. म्हाडाचं घर सोडतीत लागलं तर पेढे वाटतात, न लागणाऱ्याला कुणी नालायक म्हणत नाही.

‘दोन वर्षं ड्रॉप घेतलेल्या पोरीला काय सांगायचं? चिठ्ठी निघाली नाही म्हणून?’ हा प्रश्न आईचा आहे आणि सगळ्यात कठीण आहे. आज तिला सांगितलं जातं की तू चार गुणांनी कमी पडलीस. ती खरं मानते आणि वरचे दहा गुण गाठण्यासाठी आणखी एक वर्ष एमपी नगरच्या वर्गात घालवते, जीवशास्त्रातल्या तळटिपा पाठ करत. क्लासची तिसऱ्या वर्षाची फी याच दहा गुणांवर चालते. पट्ट्याच्या आत आल्यावर आणखी दहा गुणांनी शक्यता फक्त किंचित हलणार असेल, तर ते वर्ष विकायला क्लासवाल्याला जड जाईल, आणि बापाला विकत घ्यायलाही.

नियम नव्यानं लिहायचीही फारशी गरज नाही. यादृच्छिक निवडीची ओळ माहितीपुस्तिकेत आठव्या पायरीवर छापलेली आहेच. ती पहिल्या पायरीवर आणायची आणि ‘बरोबरी’ या शब्दापुढे दहा गुण लिहायचे.