झाकल्या मुठीतला राक्षस

राक्षस ही मोठी महागडी चीज आहे. प्रेमात पडलेला नायक स्वस्तात मिळतो, पाऊस बंबाच्या पाण्याने पाडता येतो, वाडा उसना आणता येतो. पण ज्याला पाहताच प्रेक्षकाच्या हातातला चिवडा हातातच राहावा असा राक्षस उभा करायचा म्हटले, की निर्मात्याला घरदार गहाण टाकण्याची पाळी येते. असे असूनही अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीने राक्षसांचे चित्रपट काढण्याचा सोस गेल्या पन्नास वर्षांहून अधिक काळ सोडलेला नाही. खिसा फाटका आणि हौस मात्र राक्षसाची! अशा वेळी माणूस काय करतो? काही जण मूठ झाकून ठेवतात, काही उघडून दाखवतात. या चित्रपटांचे सारे गुणदोष या एका गोष्टीत सामावले आहेत, असे मला वाटते.

आधी झाकल्या मुठीकडे पाहू. १९६९ साली एबीसी या अमेरिकन वाहिनीने दर आठवड्याला खास दूरचित्रवाणीसाठी तयार केलेला नवा चित्रपट दाखवायला सुरुवात केली. दीड तासाच्या वेळातून जाहिराती वजा जाता चित्रपटाच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास येई. पैसा थोडा, वेळ थोडा. या मालिकेत १९७१ साली ‘ड्युएल’ नावाचा चित्रपट दाखवला गेला. दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा स्टीव्हन स्पीलबर्ग आणि चित्रीकरणाला मिळाले होते जेमतेम दोन आठवडे. कथा चार ओळींत सांगता येईल. एक साधा पापभीरू विक्रेता मोटार घेऊन कामाला निघाला आहे; वाटेत तो एका जुन्या, मळकट तेलवाहू ट्रकला मागे टाकतो; आणि मग तो ट्रक हात धुऊन त्याच्या मागे लागतो. ट्रक चालवणाऱ्याचा चेहरा आपल्याला अखेरपर्यंत दिसत नाही. दिसतो एखादा हात, दिसतात पायातले बूट. तुम्ही म्हणाल, यात राक्षस कुठला? अहो, तो ट्रकच राक्षस! त्याच्यासाठी ना रबराची कातडी लागली, ना लाकडी सुळे. ज्या रस्त्यावरून आपण रोज जातो त्याच रस्त्यावर कुणीतरी विनाकारण आपल्या जिवावर उठावे, आणि का ते कळू नये, एवढे भय पुरले.

१९७३ सालचा ‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’ हा तर आपल्या मध्यमवर्गीय घरातच घडावा असा आहे. सॅली नावाची तरुणी नवऱ्यासह वारशाने मिळालेल्या जुन्या घरात राहायला येते. तळघरात विटांनी बुजवलेली एक शेकोटी असते. ती उघडू नका, असे घराची माहिती असलेला म्हातारा कारागीर बजावतो. आणि उघडू नका म्हटलेले दार कथेत उघडले गेलेच पाहिजे, हा नियम आपल्या आज्ज्यांनाही ठाऊक होता. आतून हातभर उंचीचे काही जीव बाहेर पडतात. ते उजेडाला भितात आणि अंधारात सॅलीचे नाव कुजबुजतात. हे जीव म्हणजे मुखवटे चढवलेले नटच. त्यांच्याभोवतीच्या वस्तू अवाढव्य करून त्यांना छोटे भासवले आहे. भर उजेडात ते पाहिले तर हसू येईल. पण चित्रपट बराच वेळ त्यांना पडद्याच्या घडीत, टेबलाखाली, दाराच्या फटीत ठेवतो.

खरी भीती तर याहून वेगळ्या ठिकाणी आहे. सॅलीचा नवरा नोकरीत वर चढण्याच्या धडपडीत आहे. बायको काही सांगू लागली की त्याला वाटते, हिच्या मनाचे खेळ आहेत. घरातल्या बाईने “इथे काहीतरी आहे हो” म्हणावे आणि घरातल्या पुरुषाने वर्तमानपत्रातून डोके न काढता “विश्रांती घे” म्हणावे, हा प्रसंग समजायला अमेरिकेला जावे लागत नाही. राक्षस स्वस्तातला असेल. पण सॅलीचे एकटेपण अस्सल आहे आणि त्याच्या उसनवारीवर राक्षसही अस्सल होतो. गियेर्मो देल तोरो या प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या मनात बालपणी पाहिलेला हा चित्रपट असा रुतून बसला, की २०११ साली त्याने स्वतः निर्माता होऊन तो मोठ्या पडद्यासाठी नव्याने काढवला. या वेळी पैसा होता, संगणक होता, जीव अगदी रेखीव दिसत होते. माझ्या मते तिथेच भीती ओसरली.

मूठ उघडली की काय होते, ते त्या काळातही दिसले होते. १९७२ सालच्या ‘गारगॉइल्स’ मध्ये पंखांचे, चोचीचे, शिंगांचे राक्षस वाळवंटातून निघतात. रंगभूषा इतकी उत्तम, की तिला एमी पारितोषिक मिळाले. ती करणाऱ्यांपैकी स्टॅन विन्स्टनने पुढे १९९३ साली ‘जुरासिक पार्क’ चे डायनोसॉर घडवले. पण राक्षस एकदा डोळे भरून पाहून झाले, की त्यांच्या संथ केलेल्या हालचालींकडे पाहत आपण मनातल्या मनात रबर मोजू लागतो. कारागिरी जिंकते आणि कथा हरते.

पुढे संगणक आला आणि दाखवणेच स्वस्त झाले. साय-फाय वाहिनीसाठी ‘द असायलम’ या कंपनीने काढलेला ‘शार्कनेडो’ २०१३ साली आला. समुद्रातले वादळ शार्क माशांना उचलून लॉस एंजेलिस शहरावर ओतते. नायक यांत्रिक करवत घेऊन एका माशाच्या जबड्यात उडी मारतो आणि आतून कापत बाहेर येतो. एका दृश्यात धो धो पाऊस, तर पुढच्याच दृश्यात रस्ता कोरडा! चित्रपट इतका गाजला, की २०१८ पर्यंत त्याचे एकूण सहा भाग निघाले. याच कंपनीच्या २००९ सालच्या चित्रपटात तर एक शार्क समुद्रातून उसळून आकाशातले प्रवासी विमान तोंडात धरतो. दाखवायचे काही शिल्लकच ठेवले नाही! आता दारिद्र्य राक्षसाच्या अंगावरून उतरले आणि कथेच्या मानगुटीवर बसले. माणसे मरतात, पण ती कोण होती, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ठाऊक करून घ्यावेसेही वाटत नाही.

तरीही या उघड्या मुठीची एक बाजू मांडलीच पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे ती ढोंगी नाही. आपण आचरट आहोत हे ‘शार्कनेडो’ पहिल्या पाच मिनिटांत कबूल करतो, आणि घरातली चार माणसे एकत्र बसून हसली तर त्यात वाईट काय? दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्वस्त राक्षसांचे कारखाने ही नवशिक्यांची शाळा असते. रॉजर कॉर्मन या निर्मात्याचे २०२४ साली अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी निधन झाले. १९६० साली आलेल्या ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ चे बहुतेक चित्रीकरण त्याने दोन दिवसांत उरकले होते. २०१० साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याने साय-फाय वाहिनीसाठी अर्धा शार्क आणि अर्धा ऑक्टोपस असलेला ‘शार्कटोपस’ काढला. त्याच्या हाताखाली कोपोला, स्कॉर्सेसी आणि जेम्स कॅमरॉन शिकून गेले. पुठ्ठ्यातून अंतराळयान करायला शिकलेला माणूस पुढे पैसा मिळाल्यावर तो कुठे घालावा हे जाणतो.

एक दोष मात्र मला क्षम्य वाटत नाही, आणि तो गरिबीचा नव्हे. आपला राक्षस वाईट दिसणार हे आधीच ठाऊक असल्याने मुद्दाम डोळा मिचकावून “आम्हीही गंमतच करतो आहोत” असे म्हणणे म्हणजे परीक्षेला न बसता नापासाची मिजास मिरवणे आहे. प्रामाणिकपणे फसलेल्या राक्षसाची मला दया येते. ठरवून फसलेल्याचा कंटाळा येतो. कारण भय ही हसून उडवून देण्याइतकी क्षुल्लक गोष्ट नाही. आपल्या माणसाने आपले ऐकावे, अंधारात हाक मारली तर कुणीतरी ओ द्यावी, या साध्या गरजांतून ते जन्मते.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी राक्षसाच्या चित्रपटाचा हट्ट धरला, तर ‘शार्कनेडो’ लावून खुशाल हसून घ्या. मुले झोपल्यावर मात्र दिवे मालवून दोघांनी तो १९७३ सालचा छोटा चित्रपट पाहा. शेवट मी सांगत नाही. एवढेच सांगतो, की मध्येच सौभाग्यवतींनी “स्वयंपाकघरात काहीतरी वाजलं का हो?” असे विचारले, तर जागचे न हलता “तुझा भास असेल” असे म्हणू नका. उठून बघून या.